फ्रीस्टाइलमध्ये पुढे नेतात हात. मग पाय कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे फ्रंट क्रॉलमध्ये, वेगातला किती वाटा हातांचा आणि किती पायांचा? टँकवर एक कोच ८०–२० सांगतात, दुसरे ९०–१०, आणि तिसरे फक्त "पाय मारा, पाय मारा" म्हणतात. विचारणाऱ्याचं वय ३८ आहे. २५ मीटरचे दोन लॅप झाले की धाप लागते आणि किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फळी) धरून नुसते पाय मारले तर जागचं हलायला होत नाही. मेहनत कशावर घ्यावी?

पुढे नेण्याचं काम मुख्यतः हातांचं आहे. मध्यम वेगात पूर्ण स्ट्रोकने, म्हणजे हात-पाय दोन्ही वापरून, पोहताना पुढे ढकलणाऱ्या बळातला ८५ ते ९० टक्के वाटा हातांचा धरतात आणि व्यवहारात तो अंदाज चालतो. पण म्हणून पाय सोडून दिले तर हातांनी कमावलेलं सगळं पाण्यात जातं, कारण शरीर आडवं आणि सरळ ठेवण्याचं काम पायांकडे आहे. तुमच्या वर्णनातून दोन गोष्टी दिसतात. पायांकडून ढकलण्याची अपेक्षा केली जातेय, म्हणून मांड्या दमतात आणि श्वास पुरत नाही. आणि किकबोर्डवर जागचं हलता येत नाही याचं कारण बहुतेक वेळा घोट्यात असतं, ताकदीत नसतं. दोन्ही दुरुस्त होतात, मात्र क्रम नीट लावावा लागतो.

आकडे जुळत का नाहीत

तिन्ही कोच आपापल्या परीने बरोबर असू शकतात, कारण हा वाटा ठरलेला नसतो. तो वेगाप्रमाणे बदलतो, अंतराप्रमाणे बदलतो आणि मोजण्याच्या पद्धतीप्रमाणेही बदलतो.

पोहणाऱ्याच्या कमरेला दोरी बांधून, जागच्या जागी पोहायला लावून ओढ मोजली तर पायांचा वाटा ३० टक्क्यांच्या आसपास येतो. तोच माणूस मोकळा पोहू लागला की वाटा घसरतो. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. किक पुढे ढकलते ती पाणी मागे सारून. शरीर थांबलेलं असेल तर पायांभोवतीचं पाणीही स्थिर असतं आणि त्याला मागे सारणं सोपं जातं. शरीर सेकंदाला दीड मीटरने पुढे जात असेल तर पाणी आधीच त्या वेगाने पायांवरून मागे चाललेलं असतं. त्याला आणखी वेग द्यायचा तर पाय त्याहून चपळ हवेत. हाताला ते जमतं, कारण तो खांद्यापासून थेट मागे जातो. पाय मात्र वर-खाली हलतो आणि मागे ढकलतो तो फक्त पावलाच्या तिरकेपणामुळे.

दुसरा घोळ वेगांच्या बेरजेचा आहे. समजा तुमचा पूर्ण वेग १०० धरला, नुसत्या हातांनी ९० मिळतो आणि नुसत्या पायांनी ६०. बेरीज १५० होते, मग वाटा कसा काढायचा? पाण्याचा विरोध वेगाच्या साधारण वर्गाने वाढतो. ०.९ चा वर्ग ०.८१ आणि ०.६ चा ०.३६, म्हणजे बळाच्या हिशेबातही बेरीज १०० च्या वरच, ११७ निघते. कारण वर दिलेलंच: नुसते पाय मारताना वेग कमी असतो, म्हणून त्यांना पाणी चांगलं सापडतं. पूर्ण वेगात तेच पाय तेवढं देत नाहीत. तेव्हा किकबोर्डवरचा वेग पाहून पायांचा वाटा ठरवू नका.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. विरोध वर्गाने वाढतो, तर लागणारी शक्ती घनाने. वेग १० टक्क्यांनी वाढवायचा तर विरोध २१ टक्क्यांनी वाढतो आणि शक्ती ३३ टक्के जास्त लागते. म्हणून हौशी पोहणाऱ्याने जोर वाढवण्याआधी विरोध कमी करावा. तोच स्वस्त वेग आहे, आणि पायांचं खरं काम इथे सुरू होतं.

पाय बुडतात तेव्हा काय होतं

पाण्यात आडवं पडल्यावर उचल मिळते ती छातीपाशी, कारण हवा फुप्फुसांत असते. वजनाचा मध्य मात्र त्याच्या खाली, ओटीपोटाच्या आसपास असतो. ही दोन्ही बळं एका रेषेत नसल्याने शरीर तराजूसारखं कलतं: छाती वर, पाय खाली. ज्यांचे पाय सडसडीत आणि पिळदार, त्यांचे जास्त बुडतात. पुरुषांचे सहसा स्त्रियांपेक्षा लवकर बुडतात.

१७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं शरीर नुसतं १० अंश कललं तरी पावलं डोक्यापेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर खाली जातात. मग पाण्याला समोरून फक्त डोकं आणि खांदेच दिसत नाहीत. पोट, मांड्या, गुडघे असा सगळा पसारा आडवा येतो. हात कितीही ओढोत, निम्मी मेहनत हा पसारा ओढण्यातच जाते. हलकी, सतत चालणारी किक पाय वर ठेवते. तिचं पुढे ढकलणं १० टक्के असेल, पण ती थांबवली तर वेगातली घट १० टक्क्यांहून कितीतरी जास्त होऊ शकते.

मात्र पाय बुडण्याचं मूळ कारण पुष्कळदा डोकं असतं. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं. ते पाण्याबाहेर काढलं की तेवढं वजन उचलायला कंबर खाली जाते. विहिरीत किंवा नदीत शिकलेल्यांना ही सवय हमखास असते: पाठीला डबा किंवा भोपळा बांधून, मुंडी वर ठेवून, हात फेकत आणि कात्रीसारखे पाय मारत पोहणं. जीव वाचवायला आणि समोर बघायला ती पद्धत उत्तम आहे. पण तिच्यावर फ्रीस्टाइल बसवायची तर आधी मान सैल सोडावी लागते. नजर तळाच्या काळ्या पट्टीवर, किंचित पुढे; पाण्याची रेघ कपाळाच्या वर, केसांपाशी; आणि पाण्यात असताना सतत नाकातोंडाने श्वास सोडणं. एवढं केलं की बऱ्याच जणांची कंबर आपोआप वर येते, किक न वाढवता.

हात: पाणी ओढायचं म्हणजे नेमकं काय

हाताचा फेरा पाण्यात शिरणं, पुढे लांबणं, पकड, ओढ, ढकल, बाहेर येणं आणि हवेतून परतणं असा चालतो. वेग देतात ते मधले तीन भाग. त्यातही बिघाड होतो तो पकडीत, म्हणजे टँकवर ज्याला 'कॅच' म्हणतात तिथे. बाकीच्या भागांवर मी फार वेळ घालवणार नाही. पकड जमली की ते बरेचसे मार्गाला लागतात.

हात खांद्याच्या रेषेत शिरावा, डोक्यासमोर नाही. बोटं आधी, तळहात खाली. अंगठा आधी घालायची जुनी सवय असेल तर सोडा, खांदा आतल्या बाजूला वळून घासतो आणि पुढे दुखणं मागे लागतं. हात शिरल्यावर पाण्याखालीच पूर्ण लांबू द्या. या क्षणी कोपर सगळ्यात वर, त्याखाली मनगट, त्याखाली बोटं.

आता पकड. कोपर जवळजवळ तिथेच, पृष्ठभागाजवळ ठेवायचं आणि कोपराच्या पुढचा हात बोटांसकट खाली वळवायचा. तळहात आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग मिळून एक सपाट फळी व्हावी आणि तिचं तोंड पायांकडे असावं. ही जाणीव हवी असेल तर टँकच्या काठावर बाहेर चढताना हात कसे होतात ते बघा: तळवे काठावर, कोपरं बाहेर आणि वर, आणि शरीर हातांवरून पुढे येतं. पाण्यातही तसंच करायचंय. हात फळीसारखा रोवायचा आणि शरीर त्याच्यावरून पुढे न्यायचं.

कोपर खाली पडलं तर काय होतं, ते बळाच्या दिशेवरून कळतं. पाणी ज्या दिशेला ढकलाल त्याच्या उलट दिशेला शरीर जातं. सरळ हात वरून खाली दाबला तर पाणी खाली जातं आणि छाती वर उचलली जाते. छाती वर गेली की पाय आणखी खाली. म्हणजे हाताची चूक पायांत दिसते, आणि कोच पाय मारायला सांगतात. पोहणाऱ्याला मात्र वाटत राहतं की जोर लागतोय, कारण पाण्याचा दाब हाताला जाणवतोच. तो दाब तळहातावर मागच्या दिशेने जाणवला पाहिजे, खालच्या दिशेने नाही. हा फरक समजायला आठवडे लागतात आणि तेवढे द्यावेत.

पकडीनंतर ओढ: हात खांद्याखालून, कोपर ९० ते १२० अंशांत वाकलेलं, तळहात पृष्ठभागापासून साधारण अर्धा मीटर खोल. हात शरीराची मधली रेषा ओलांडून पलीकडे जाऊ देऊ नका. डावा हात उजवीकडे गेला की कंबर नागमोडी होते आणि पाय आपोआप फाकतात, तोल सावरायला. मग ढकल: तळहात मागेच बघत राहील असा मांडीपर्यंत न्यायचा. हाताचा वेग पकडीत सावकाश आणि ढकलीत सर्वाधिक असावा. नवशिके याच्या बरोबर उलट करतात. सुरुवातीलाच झटका देतात, पाणी फाटतं, हातावर बुडबुडे येतात, आणि कमरेपाशी पोचेपर्यंत हात रिकामा झालेला असतो.

बोटं किती जुळवायची हेही लोक विचारतात. घट्ट आवळू नका. सैल ठेवल्यावर मध्ये जी काही मिलिमीटरची फट राहते ती चालते, किंबहुना थोडी फायद्याचीच ठरते, कारण त्या बारीक फटीतून पाणी सहज वाहू शकत नाही आणि तळवा रुंद होतो. पंजा पसरला तर मात्र फायदा जातो.

जुन्या कोचांकडून 'पाण्यात इंग्रजी एस काढा' असं ऐकलं असेल. त्याचं मूळ अमेरिकी कोच जेम्स काउन्सिलमन यांच्याकडे जातं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सात सुवर्णपदकं जिंकणारा मार्क स्पिट्झ त्यांच्याच हाताखाली इंडियाना विद्यापीठात तयार झाला. पाण्याखालच्या चित्रीकरणात उत्तम पोहणाऱ्यांचे हात वळणं घेताना दिसले, तेव्हा विमानाच्या पंखासारखी उचल यात असावी असं त्यांनी मांडलं. आज भर वेगळा आहे: ओढीच्या मुख्य भागात हात पाण्याला सरळ मागे ढकलूनच सर्वाधिक बळ देतो, आणि दिसणारं वळण बरंचसं शरीर दोन्ही कुशींवर फिरल्यामुळे येतं. तेव्हा वळण मुद्दाम काढू नका. शरीर प्रत्येक बाजूला ३५ ते ४५ अंश फिरू द्या. हात आपली वाट घेईल. या फिरण्यामुळेच ओढीला नुसता दंड न लागता पाठीचा मोठा स्नायू लागतो, आणि तो लवकर दमत नाही.

पाय: लहान किक, सैल घोटा

किक कमरेच्या सांध्यातून निघते. मांडी हलते, गुडघा थोडा वाकतो, आणि शेवटी पाऊल चाबकाच्या टोकासारखं सुटतं. दोन पावलांमधलं अंतर ३० ते ४० सेंटिमीटर पुरे. टाच पृष्ठभागाला जेमतेम शिवावी. पाऊल हवेत गेलं तर आवाज होतो, काम होत नाही. वर येताना पाय सरळ.

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे सायकल मारणं. गुडघा पोटाकडे येतो, मांडी पाण्याला आडवी होते आणि प्रत्येक किकला ब्रेक लागतो. मांडी खाली दिसत असेल, किंवा पोहल्यावर मांडीचा पुढचा भागच तेवढा भरून येत असेल, तर हेच चाललंय असं समजा. कुल्ल्यांचे आणि पोटाचे स्नायू थोडे तरी दमले पाहिजेत.

आता तुमचा 'जागचा हलत नाही' हा मुद्दा. पाऊल मागच्या बाजूला, नर्तकीसारखं ताणून लांब होत नसेल तर खाली मारताना पाणी मागे न जाता खाली किंवा पुढे जातं. धावणाऱ्यांचे आणि सायकल चालवणाऱ्यांचे घोटे इतके कडक असतात की किकबोर्डवर काही जण चक्क मागे सरकतात. तपासणी सोपी आहे: वज्रासनात बसा. पावलाचा वरचा भाग जमिनीला टेकतो का? घोट्यापुढे हाताची बोटं जातील एवढी पोकळी राहते का, तिथे ताण बसतो का? उकिडवं सहज बसता येतं म्हणून घोटा सैल आहे असं समजू नका. त्यात घोटा उलट्या दिशेला वाकतो. इलाजही वज्रासनच: रोज ३० सेकंदांचे तीन-चार फेरे, दोन महिने. गुडघ्याचं दुखणं असेल तर वज्रासन टाळा आणि खुर्चीवर बसून पाऊल हाताने मागे ताणा. सोबत आखूड फिन्स (पावलात घालायचे रबरी पंख) घालून आठवड्याला तीन-चारशे मीटर किक करा. फिन्समुळे घोटा आपोआप ताणला जातो आणि कमरेतून किक मारणं म्हणजे काय ते पायाला कळतं. पण सगळा सराव फिन्सवर करू नका; ते काढल्यावर पाय बुडलेले दिसतील.

किती किक मारायच्या? हातांच्या एका पूर्ण फेऱ्यात, म्हणजे दोन्ही हात एकदा झाल्यावर, सहा, चार किंवा दोन. स्प्रिंटरचा, म्हणजे कमी अंतर जोरात पोहणाऱ्याचा, हात मिनिटाला ५० फेरे करत असेल तर सहाच्या हिशेबाने ३०० किक, सेकंदाला पाच. मांड्या आणि कुल्ले हे शरीरातले सर्वांत मोठे स्नायू. ते असे चालवले तर प्राणवायू तिथेच संपतो. म्हणून लांब अंतरवाले दोन किक मारतात. दोन किकमध्ये वेळ साधणं महत्त्वाचं: उजवा हात पुढे लांबतो, त्याच क्षणी डावा पाय खाली मारायचा. त्याने डावी कंबर वर येते, शरीर उजव्या कुशीवर वळतं आणि पाण्याखाली ढकलत असलेल्या डाव्या हाताला आधार मिळतो. एकाच बाजूचा हात आणि पाय एकदम गेले की सगळं डगमगतं.

हात-पायांचं हे नातं आणखी एका जागी दिसतं. निवांत वेगात एक हात पुढे थांबलेला असताना दुसरा परत येत असतो. मध्ये क्षणभर कुठलाच हात ढकलत नाही. त्या फटीत शरीराचा वेग पडतो. सहा किक मारणाऱ्याचे पाय ही फट भरून काढतात. ज्यांची किक कमजोर, त्यांनी पुढचा हात जास्त थांबवू नये, पकड थोडी लवकर घ्यावी आणि फेऱ्यांची गती वाढवावी. "लांब स्ट्रोक घ्या, ग्लाइड करा" हा सल्ला सरसकट सगळ्यांना देणं मला पटत नाही, त्याचं कारण हेच.

दोन्ही टोकांची उदाहरणं मोठी आहेत. जेनेट इव्हान्सने १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर फ्रीस्टाइल ४:०३.८५ मध्ये जिंकली: लहान चण, हवेतून सरळ फिरणारे हात, प्रचंड गती, आणि पाय जेमतेम तोल राखण्यापुरते. तो विश्वविक्रम २००६ पर्यंत टिकला. उलट इयन थॉर्पने २००२ मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तेच अंतर ३:४०.०८ मध्ये पार केलं ते भल्यामोठ्या पावलांच्या सहा किकच्या जोरावर. आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये बॉबी फिंकने १५०० मीटरची शर्यत जिंकली ती शेवटच्या ५० मीटरमध्ये, जे त्याने २६ सेकंदांच्या आत काढले. तोपर्यंत राखून ठेवलेले पाय त्याने तिथे सोडले. पायांचा सर्वांत हुशार उपयोग मला हाच वाटतो.

स्वतःची तपासणी, एका सकाळी

२५ मीटरच्या टँकवर २०० मीटर सावकाश पोहून अंग गरम करा. मग ५० मीटर तीन प्रकारे, मध्ये दोन-दोन मिनिटं विश्रांती घेऊन, सारख्याच मेहनतीने: पूर्ण स्ट्रोक, मांड्यांमध्ये पुल बॉय (फोमचा तरंगता ठोकळा) धरून नुसते हात, किकबोर्डवर नुसते पाय. वेळ आणि हात किती वेळा मारले ती संख्या लिहून ठेवा.

पुल बॉय लावून पूर्ण स्ट्रोकपेक्षा लवकर पोचलात (समजा पूर्ण स्ट्रोकला ६० सेकंद आणि पुल बॉयवर ५६), तर तुमचे पाय मदत न करता ओझं झालेत. डोकं, श्वास सोडणं आणि गुडघा, याच क्रमाने दुरुस्ती करा. पुल बॉयवर पाच-दहा टक्के उशीर झाला तर ठीक आहे, पाय आपलं काम करताहेत. २० टक्क्यांहून जास्त उशीर झाला तर हात पाणी पकडत नाहीत, किक त्यांना सांभाळून घेतेय. नुसत्या पायांना दोन मिनिटांहून जास्त लागत असतील तर घोटा तपासा. एक लक्षात घ्या, पुल बॉय पाय फुकटात वर उचलतो, म्हणून त्याच्यावरचा वेग हा तुमच्या हातांचा निखळ वेग नसतो. हातांची खरी परीक्षा हवी तर पुल बॉय न लावता घोट्यांना रबरी पट्टा बांधून २५ मीटर पोहून बघा. फार कठीण जातं, आणि कंबर कुठे आहे ते लगेच कळतं. पट्टा बांधाल तर उथळ बाजूला आणि कुणीतरी काठावर असतानाच.

सराव

तुमच्या स्थितीत आठवड्यातून तीन दिवस, सुमारे दीड हजार मीटर असा आराखडा द्यायचा तर: २०० मीटर सावकाश. ४ वेळा ५० मीटर, त्यातले पहिले २५ मुठी आवळून आणि पुढचे २५ हात उघडून. मूठ आवळली की तळहात जातो आणि पाणी कोपरापर्यंतच्या हाताने पकडावं लागतं. मूठ उघडल्यावर हाताला पाणी एकदम जड लागतं, तीच पकड. मग ६ वेळा २५ मीटर किक. किकबोर्डवर मान वर राहते आणि कंबर पडते, म्हणून निम्म्या वेळा बोर्ड न घेता, हात पुढे जोडून, तोंड पाण्यात ठेवून करा. मग पुल बॉयवर ४ वेळा १०० मीटर, प्रत्येकानंतर ३० सेकंद थांबून. त्यानंतर ८ वेळा ५० मीटर पूर्ण स्ट्रोक, ज्यात २५ मीटरला किती हात लागले ते मोजायचं. आज २६ लागत असतील तर वेळ न वाढवता २३-२२ वर आणा. शेवटी १०० मीटर सावकाश. एकूण १४५० मीटर होतात.

धाप लागते ती या सरावात पहिल्या तीन आठवड्यांत कमी व्हायला हवी, कारण पूर्ण स्ट्रोकमध्ये तुम्ही किक मुद्दाम हलकी ठेवणार आहात: पाय वर राहतील एवढीच. हलकी किक म्हणजे आळशी किक नाही. ती थांबता कामा नये. विशेषतः श्वास घेताना लक्ष द्या. डोकं वळवण्याऐवजी उचललं की पाय फाकतात आणि कात्री होते. पायांचे दोन्ही अंगठे एकमेकांना घासत राहिले पाहिजेत एवढी एकच खूण डोक्यात ठेवा.

पॅडल्स, म्हणजे तळहातांना बांधायच्या प्लॅस्टिकच्या फळ्या, इतक्यात घेऊ नका. चुकीच्या पकडीवर मोठं पॅडल म्हणजे खांद्यावर दुप्पट भार. कोपर वर राहायला लागल्यावर, तळहाताहून जेमतेम मोठी पॅडल्स, आणि एका वेळी ४०० मीटरच्या आत.

समुद्रात उतरायचा विचार असेल, मालवणच्या चिवला बीचवरची स्पर्धा किंवा मुंबईतलं संकरॉक ते गेटवेचं ५ किलोमीटर, तर हिशेब आणखी हातांकडे झुकतो. खारं पाणी गोड्यापेक्षा दोन-तीन टक्के जड, त्यामुळे पाय तसेही वर राहतात आणि दोन किक पुरतात. लाटांमध्ये पुढे हात लांबवून थांबण्यात अर्थ नसतो, लाट वेग मारते. फेऱ्यांची गती मिनिटाला चार-पाचने वाढवा आणि हात हवेतून थोडा उंच आणा. समोरची खूण बघायला मुंडी वर काढाल तेव्हा दोन-तीन किक जोरात मारा, नाहीतर कंबर पडते आणि पुढचे चार हात ती वर आणण्यातच जातात. किनारा शंभरेक मीटरवर आला की सहा किक सुरू करा, म्हणजे पायांत रक्त उतरतं आणि वाळूवर उभं राहताना तोल जात नाही.